‘नपुंसकत्व’ ते ‘ताठरतादोष’ : एका संज्ञाबदलाचा प्रकाशन-इतिहास

एखाद्या विषयावरील शोधनिबंधांची संख्या वाढली की त्या विषयाचे ज्ञानही त्याच प्रमाणात वाढले, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. परंतु निबंधांची गणना अखेर शब्दांच्या आधारे होते; सूचीत ज्या संज्ञेखाली शोध घ्यावा, तेवढेच हाती लागते. संज्ञाच बदलली असेल, तर आलेखातील चढ किती ज्ञानाचा आणि किती नावाचा, हे वेगळे करून पाहावे लागते. पुरुषाच्या लिंगताठरतेतील दोषाविषयीचे पाश्चात्त्य वैद्यकीय लेखन हे याचे बोलके उदाहरण होय.

या लेखनात दीर्घकाळ ‘इंपोटन्स’ हाच शब्द रूढ होता. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ सामर्थ्यहीनता. म्हणजे हा शब्द एका शारीरिक क्रियेविषयी बोलताना संपूर्ण व्यक्तीवर निवाडा देतो. मास्टर्स आणि जॉन्सन यांच्या १९७० मधील ग्रंथानंतर या दोषाचा विचार मुख्यतः मानसिक अंगाने होत राहिला. १९८२ मध्ये विराग यांनी आणि १९८३ मध्ये ब्रिंडली यांनी रक्तवाहिन्या सैलावणारी औषधे टोचून ताठरता आणता येते हे दाखविले, आणि हा विषय मानसोपचाराकडून मूत्ररोगशास्त्राकडे झुकला. १९८९ मध्ये या विषयाला वाहिलेले स्वतंत्र नियतकालिकही निघाले : ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ इंपोटन्स रिसर्च’.

डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी बोलाविलेल्या मतैक्य परिषदेने ‘इंपोटन्स’ऐवजी ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’ ही संज्ञा वापरावी, अशी शिफारस केली. समाधानकारक समागमास पुरेशी ताठरता येणे किंवा टिकणे शक्य न होणे, अशी तिची व्याख्या करण्यात आली. दोष व्यक्तीचा नसून क्रियेचा आहे, हे या व्याख्येने प्रथमच अधिकृतपणे मांडले. तथापि शब्द आज्ञेने मरत नाहीत. बॉस्टन परिसरातील ४० ते ७० वर्षे वयाच्या पुरुषांच्या पाहणीचा प्रसिद्ध निबंध १९९४ मध्ये निघाला, तेव्हा त्याच्या शीर्षकात ‘इंपोटन्स’च होता. १९९८ मध्ये सिल्डेनाफिल या गोळीच्या चाचण्यांचा निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला, तो मात्र नव्या संज्ञेखाली. उपरोल्लेखित नियतकालिकाने आपल्या नावातील जुना शब्द आजही सोडलेला नाही.

१९९८ नंतरच्या वाढीमागे तीन कारणे दिसतात. पहिले, शरीरक्रियेचा उलगडा. ताठरतेतील नायट्रिक ऑक्साइडचे कार्य १९९० च्या दशकारंभी स्पष्ट झाले होते, आणि याच रेणूवरील मूलभूत संशोधनाला १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे, मापन. सिल्डेनाफिलच्या चाचण्यांच्या ओघात सिद्ध झालेली प्रश्नावली १९९७ मध्ये प्रकाशित झाली, आणि जगभरच्या अभ्यासकांना तुलनेची एक भाषा मिळाली. तिसरे, औषध कंपन्यांचे हितसंबंध. बॉस्टन पाहणीतील ५२ टक्के हा आकडा वारंवार उद्धृत झाला. परंतु त्यात सौम्य, मध्यम आणि पूर्ण अशा तिन्ही पायऱ्यांची बेरीज आहे. पूर्ण दोष असलेले पुरुष सुमारे १० टक्केच होते. उद्धरणाच्या प्रवासात हा भेद बहुधा गळून पडला.

मात्र एवढ्यावरून ही सारी वाढ बाजारप्रेरित ठरवणे अन्यायाचे होईल. २००५ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातील निबंधाने ताठरतादोष आणि त्यानंतर उद्भवणारे हृदयविकार यांचा संबंध दाखवून दिला. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील बिघाड हे दोहोंचे समान कारण असू शकते. त्यामुळे ज्या तक्रारीविषयी बोलणे लाजिरवाणे मानले गेले, ती हृदयविकाराची पूर्वसूचना ठरू शकते.

भारतीय लेखनाकडे वळताच गणनेची मर्यादा अधिक स्पष्ट होते. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये रूढ केलेल्या ‘धात सिंड्रोम’ या संज्ञेखालील निबंधांत वीर्यनाशाच्या भीतीबरोबर ताठरतेच्या तक्रारीही येतात. केवळ इंग्रजी संज्ञेने शोधणाऱ्याला त्यांतील अनेक निबंध दिसणार नाहीत. परिभाषेचा गुंता भाषांतही आहे. हिंदीत ‘स्तंभन दोष’ प्रचारात आहे. आयुर्वेदाच्या षडुपक्रमांत मात्र ‘स्तंभन’ म्हणजे रोखून धरणे. चरकसंहितेत ‘वाजीकरणा’ला चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहे, गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘क्लैब्य’ हा मनोधैर्याच्या अभावाचा शब्द होतो. मराठीत र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ने १९२७ ते १९५३ या काळात लैंगिक प्रश्नांवर निर्भीडपणे लिहिले, तरी ‘नपुंसक’ आणि ‘षंढ’ हे शब्द व्यवहारात शिवीच राहिले.

येथे परिभाषेचा प्रश्न आरोग्याचा होतो. ज्या तक्रारीला केवळ शिवीचेच नाव आहे, ती घेऊन पुरुष डॉक्टरकडे सहसा जात नाही. आणि हृदयविकाराची सूचना वाचली जात नाही. इंग्रजी संशोधनाने १९९२ मध्ये व्यक्ती आणि क्रिया यांत जो भेद केला, तो भारतीय भाषांच्या बोलीव्यवहारात अजून पुरता उतरलेला नाही. निबंधांच्या वाढत्या संख्येइतकाच हा न झालेला अनुवादही तौलनिक अभ्यासाचा विषय आहे.