शैक्षणिक कर्ज आणि नादारी

उच्च शिक्षणासाठी घेतलेले कर्ज फेडणे अशक्य झालेल्या व्यक्तीस नादारीच्या कायद्यान्वये त्यातून मुक्तता मिळू शकते का, हा भारतीय कायद्यातील एक अल्पपरिचित प्रश्न आहे.

कर्जाचे स्वरूप

भारतातील बँकांची शैक्षणिक कर्जे प्रामुख्याने भारतीय बँक संघाच्या २००१ च्या आदर्श योजनेवर आधारलेली आहेत. शिक्षण चालू असताना हप्ते द्यावे लागत नाहीत. व्याज मात्र चढत असते. आई किंवा वडील सहसा सहकर्जदार असतात.

लागू कायदा

मुंबई शहरास १९०९ चा स्वतंत्र अधिनियम लागू आहे. कोल्हापूरसारख्या जिल्ह्यांत प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० अन्वये जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. नादार ठरलेल्याची मालमत्ता धनकोंमध्ये वाटली जाते व पुढे ऋणमुक्तीचा आदेश मागता येतो. शासनाचे देणे, कपटाने केलेले कर्ज आणि पोटगी या आदेशाने सुटत नाहीत (कलम ४४). या यादीत शैक्षणिक कर्ज नाही, यात नवल नाही. त्या काळी कोल्हापुरातील गरीब विद्यार्थी शिकत ते राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून उभारलेल्या वसतिगृहांच्या आधाराने, बँकेच्या पैशाने नव्हे.

मात्र याच कलमानुसार ऋणमुक्तीने सहऋणको व जामीनदार मुक्त होत नाहीत. मुलगा मोकळा झाला तरी बँक सहकर्जदार वडिलांकडून वसुली करू शकते. कुटुंबाच्या दृष्टीने मग त्या आदेशाला फारसा अर्थ उरत नाही.

२०१६ ची संहिता

नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ याहून कठोर आहे. तिच्या कलम ७९ मध्ये शैक्षणिक कर्जाची गणना ‘वगळलेल्या ऋणां’त, म्हणजे दंड व पोटगी यांच्या पंगतीत केली आहे. कलम १३९ नुसार अशी ऋणे ऋणमुक्तीनंतरही कायम राहतात. व्यक्तींविषयीचा हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जास वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता अमलात आला. इतरांसाठी जुनेच अधिनियम चालू आहेत.

अमेरिकेतही असे कर्ज सहजी सुटत नाही, परंतु ‘अवाजवी हालअपेष्टा’ सिद्ध केल्यास न्यायालय ते माफ करू शकते. १९८७ च्या ब्रनर खटल्यातील कसोटी तेथे बहुतांश न्यायालये लावतात: किमान राहणीमान राखणे अशक्य असणे, ही स्थिती दीर्घकाळ टिकण्याची शक्यता आणि फेडीचे प्रामाणिक प्रयत्न. भारतीय संहितेत असा अपवाद नाही. आजारी वा बेकार पदवीधरासही तीच तरतूद.

व्यवहारातील मार्ग

प्रत्यक्षात अशी थकीत प्रकरणे बँकेशी तडजोडीने किंवा लोकअदालतीत मिटवता येतात. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. त्यामुळे तडजोडपत्रात सहकर्जदाराच्या मुक्ततेचा स्पष्ट उल्लेख सहीपूर्वीच करून घेणे आवश्यक ठरते.