हातभर दांड्याची कुऱ्हाड

दिवाळी सरून थंडी पडली की नांदेड-लातूरकडची तरुण मंडळी तंबू घेऊन बाहेर पडतात. कुणी इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडाला, कुणी माहूरच्या डोंगरात, तर बरेच जण ओळखीच्या कुणाच्या तरी शेतात मुक्कामाला. तंबू कोणता घ्यावा याची चौकशी महिनाभर चालते. कुऱ्हाड मात्र निघता निघता घरात असेल ती गाडीत टाकली जाते. ती शेतातली असते : किलोच्या वरचं पातं, अडीच फुटी दांडा, बुंधा तोडायला केलेली. चहापुरती लाकडं फोडायला ती चालवली की हात भरून येतात, आणि घाव चुकला तर नडगीच सापडते.

मुक्कामाला हवी हातकुऱ्हाड. पातं अर्धा ते पाऊण किलोचं, दांडा हातभर. स्वीडन-फिनलंडच्या कुऱ्हाडी देखण्या असतात आणि कामालाही चोख. पण त्यांची बारीक धार तिकडच्या स्प्रूस-पाइनसारख्या मऊ लाकडाला मानवते. आपल्या वाळलेल्या बाभळीवर ती चालवली तर धारेचे टवके उडतात. इथे धारेमागे थोडं पोट असलेलं, जाडसर पातंच टिकतं, आणि ते आपला लोहार उत्तम करतो.

गावात लोहार उरला नसेल तर घिसाड्यांची पालं शोधावीत. त्यांचं काम उभं राहून बघण्यासारखं असतं. भात्याने निखारा फुलतो, पुरुष सांडशीने लोखंड धरतो, बाई घण घालते. बऱ्याचदा ते लोखंड ट्रकच्या पाट्याचं असतं, आणि कुऱ्हाडीला त्याच्याइतकं चांगलं पोलाद सहज मिळत नाही. पातं लालभडक झालं की फक्त धारेकडची बोटभर बाजू पाण्यात बुडवतात. मागच्या भागातली धग हळूहळू पुढे सरकते, घासून उजळलेल्या पोलादावर गवती पिवळा रंग चढतो, आणि नेमक्या त्या क्षणी सगळं पातं पाण्यात जातं. घाई झाली तर धार काचेसारखी ठिसूळ राहते, उशीर झाला तर मऊ पडते. म्हणून पाणी देणाऱ्याशी घासाघीस करू नये, असं माझं ठाम मत आहे.

घेताना कुऱ्हाड डोळ्यासमोर आडवी धरून दांड्याच्या टोकाकडून बघा. धार दांड्याच्या सरळ रेषेत हवी. जराही तिरकी असेल तर परत करा. दांड्याच्या कापलेल्या टोकावर लाकडाच्या रेषा दिसतात, त्या पात्याला समांतर हव्यात. आडव्या असतील तर दांडा कधीतरी मोडणारच. लाकूड धावड्याचं मिळालं तर दुसरं बघू नका. डिंक देणारा हाच धावडा. गाडीच्या कण्यालाही तो चाले, इतका चिवट. लातूरकडे तो दुर्मीळ, तिथे बाभळीचा दांडा घ्यावा.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि पातं खुळखुळायला लागतं. मग लोक कुऱ्हाड रात्रभर पाण्यात घालतात. लाकूड फुगून तात्पुरतं घट्ट होतं, पण नेढ्यात, म्हणजे पात्याच्या भोकात, दबून वाळल्यावर आधीपेक्षा सैल पडतं. खरा उपाय म्हणजे नवी पाचर, आणि दांड्याला वर्षातून दोन-तीनदा जवसाचं तेल. हे तेल लाकडात मुरून वाळतं. मात्र तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका. ती आपोआप पेट घेऊ शकते.

आता वापर. आखूड दांड्याची कुऱ्हाड चुकली तर पायाकडेच येते, म्हणून उभ्याने चालवू नये. गुडघे टेकून बसा आणि समोर ओंडका ठेवा. चुकलेला घाव मग ओंडक्यात किंवा जमिनीत जातो. काटकी फोडायची तर धार तिच्या टोकावर टेकवा, काटकी आणि कुऱ्हाड दोन्ही मिळून उचला आणि ओंडक्यावर आपटा. बोटं धारेच्या वाटेत येतच नाहीत. फांदी तोडताना घाव तिरका घाला, आडवा घाव नुसता उसळतो. पात्याच्या मागच्या बाजूने तंबूच्या खुंट्या ठोकू नका, नेढं पसरतं.

तोडायचं काय, हा प्रश्न इथे फार महत्त्वाचा. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही; तिथे बांधावरच्या उभ्या झाडाला हात लावणं पापच मानावं. किनवटकडे साग आहे, पण राखीव जंगलात झाडाला घाव घालणं १९२७च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. पैनगंगा अभयारण्यात तर कुऱ्हाड नेऊच नये. धोका होईल असा जाळ करायलाही १९७२च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे. त्यापेक्षा शेतकऱ्याला विचारून तुराट्या-पळाट्या आणि बाभळीचे चार वाळके तुकडे बरोबर न्यावेत. पळाट्या भुरकन पेटतात, बाभूळ रात्रभर धग धरते. लातूरच्या माळावर नुसती झुडपं-काटे सारायचे असतील तर कुऱ्हाडीपेक्षा कत्ती बरी.

धार लावायला कानस आणि निसणा पुरे. कानस धारेकडून मागे ढकलत चालवा, दोन्ही बाजूंना सारखी, आणि पोट तसंच राहू द्या. बाजारातल्या विजेच्या चाकावर पातं देऊ नका. ठिणग्या उडता उडता धार निळी पडली, की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. ती पुन्हा लोहाराच्या भट्टीतच न्यावी लागते.