खेळामागचा खेळ : बुडत्या देवळातलं कोडं

मागच्या आठवड्यात आपण किल्ली-कुलपाची कोडी पाहिली. आज पाण्याची पाहू.

प्राचीन देऊळ पाण्याखाली चाललंय आणि आत अडकलेल्या खेळाडूला वाट शोधायचीय, ही लेव्हल व्हिडिओ गेममध्ये पुन्हा पुन्हा भेटते. देऊळ खचतंय असं आपल्याला वाटतं, पण ते बहुधा जागचं हलत नाही. शेकडो खांब आणि पायऱ्या खाली सरकवण्यापेक्षा पाण्याचा एक सपाट पृष्ठभाग वर चढवणं संगणकाला सोपं जातं. कोडं रचणाऱ्यालाही ते सोयीचं, कारण मग लेव्हलचा सगळा कारभार पाणी कुठवर आलंय या एका आकड्यावर चालतो.

१९९८ च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’मधलं जलमंदिर गाजलं ते यामुळेच. तिथे पाण्याच्या तीन पातळ्या आहेत. पाणी उतरलं की तळाची दारं मोकळी होतात, चढलं की पोहत वरचा मजला गाठता येतो. पण तळाशी जायला लोखंडी बूट घालायचे, वर यायला काढायचे, आणि दर वेळी त्यासाठी मेनू उघडायचा! खेळाडू वैतागले. २०११ च्या थ्रीडीएस आवृत्तीत बूट बदलणं सोपं झालं आणि पातळी बदलण्याच्या जागांकडे नेणाऱ्या रंगीत रेषा आल्या. मूळ कोडं उत्तमच होतं, असं माझं ठाम मत आहे.

अशा कोड्यात एक नियम मोडू नये. पाणी नाहीसं करायचं नाही, फक्त हलवायचं. इथून सोडलं तर तिथे चढलं पाहिजे. हिंगोलीकरांना हे शिकवायला नको. पूर्णेवर येलदरीतून पाणी सोडलं की खाली सिद्धेश्वर भरू लागतं. हा हिशेब खेळाडूला एकदा उमगला की तो अंदाज बांधू लागतो, आणि कोड्याची गोडी त्या अंदाजातच असते.

आणि वास्तू? ती औंढा नागनाथला उभी आहे. जमिनीवर कोरीव काळा पाषाण, आणि गाभारा जमिनीखाली. अरुंद वाटेने अंग चोरून उतरावं लागतं. पाणी चढू लागलं तर आधी गाभारा जाईल, मग मंडप. अधिष्ठानाचे आडवे थर पाण्याची मोजपट्टी होतील, पडद्यावर आकडा दाखवायची गरजच नाही. शिवाय संत नामदेवांसाठी देऊळ फिरल्याची आख्यायिका आहेच. मंडप फिरवला की पाण्याची वाटही फिरेल. पाणी चढवणं आणि देऊळ फिरवणं, एवढ्या दोन क्रियांवर अख्खी लेव्हल उभी राहील.

हे काम इथल्या मंडळींना जमेल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ आणला. त्यात भारतीय शिल्प-चित्रांच्या वळणाची दुनिया आहे, आणि वर्तुळाकार तुकडे फिरवून चित्र जुळवायची कोडीही.

मात्र औंढ्याला रोज पूजा होते. तिथे ज्योतिर्लिंग आहे. म्हणून रचना तिथली घ्यावी, पण देऊळ कल्पनेतलं असावं, नावही वेगळं असावं, आणि गाभाऱ्यात पाणी शिरण्याआधी खेळाडूला मूर्ती वर आणता यावी. लेव्हलचं पहिलं कोडं तेच ठेवावं.

पुढच्या लेखांकात : अंधार आणि मशालीची कोडी.