चितारलेल्या फळीमागचे घड्याळ

ब्लॅक फॉरेस्टचे जुने घड्याळ समोरून पाहिले तर ती एक रंगवलेली लाकडी फळी असते. वरचा काठ कमानीसारखा गोल, खाली चौकोन, मधोमध पांढऱ्या वर्तुळावर काळे रोमन आकडे आणि कोपऱ्यांत गुलाब, फळे, पानांच्या वेली. यंत्र या फळीमागे लाकडी चौकटीत दडलेले असते. खाली दिसतात ती साखळीला लटकलेली वजने आणि हलणारा लंबक. नैर्ऋत्य जर्मनीतल्या या डोंगराळ, दाट जंगलाच्या मुलखात फुर्टवांगन, ट्रीबर्ग, शोनाख, नॉयश्टाट अशा गावांतल्या छोट्या कार्यशाळांतून ही घड्याळे बाहेर पडली. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातले घड्याळ पितळेचे आणि सोनेरी मुलाम्याचे असे. लाकूड आणि रंग वापरल्यामुळे घड्याळ शेतकऱ्याच्या घरात आले.

या भागात शेतजमीन भावांत वाटली जात नसे. ती अखंड एकाच वारसाकडे जाई आणि बाकीच्या भावंडांना पोटापाण्याचा दुसरा मार्ग शोधावा लागे. हिवाळा लांब, बर्फात शेतीची कामे बंद, आणि लाकूड मात्र दाराशी मुबलक. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे घड्याळे बनू लागली ती या परिस्थितीतून. सुरुवातीच्या घड्याळांत चाके, आस, चौकट सारे लाकडाचे होते. लंबक नव्हता; एक आडवी दांडी पुढे-मागे हेलकावत चाकांचा वेग आवरत असे. वजनाच्या जागी दगड बांधत आणि काटा एकच, तासाचा. १७४० च्या सुमारास इथल्या कारागिरांनी लंबक स्वीकारला. वेळ बरीच नेमकी मिळू लागली आणि मिनिटकाटा लावण्यात अर्थ उरला. पुढे लाकडी चाकांची जागा पितळी चाकांनी घेतली, पण चौकट लाकडाचीच राहिली.

एका घड्याळावर अनेकांचे हात फिरत. चाके ओतणारा निराळा, घंटा ओतणारा निराळा, साखळी विणणारा, फळी तासणारा आणि फळी रंगवणाराही निराळा. घड्याळजी हे सारे भाग गोळा करून जोडणी करी आणि घड्याळ चालते करून देई. रंगकामात बायका-मुलींचा वाटा मोठा होता. त्यांची नावे घड्याळावर येत नसत. पण संग्रहालयात उभे राहून पाहणाऱ्याची नजर आज ज्यावर खिळते, ते काम त्यांचे आहे.

फळीचा रंग टिकाऊ व्हायला वेळ लागला. आधी छापील चित्राचा कागद फळीवर चिकटवून तो रंगवत. शेगडीचा धूर आणि ओल यांपुढे कागद टिकत नसे. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत रोगणाचा चकचकीत थर दिलेली फळी आली आणि तिने सारे चित्र पालटले. ती करण्याची रीत अशी: मऊ लाकडाच्या फळीवर खडूची पूड आणि सरस यांचा लेप द्यायचा, वाळला की घासून गुळगुळीत करायचा, पुन्हा लेप, पुन्हा घासणे. त्यावर पांढरा तेलरंग. मग कंपासाने आकड्यांची वर्तुळे, हाताने आकडे, कोपऱ्यांत फुले, आणि सर्वांत शेवटी पारदर्शक रोगण. धूर बसला तरी पुसता येईल, अशी ही पहिली तबकडी होती. एका फळीचे पैसे थोडे मिळत, त्यामुळे गुलाब मोजक्या फटकाऱ्यांत उतरवावा लागे. या घाईनेच त्या गुलाबांना जिवंतपणा दिला आहे. सावकाश, काळजीपूर्वक काढलेल्या आजच्या कित्येक नकलांत तो सापडत नाही.

घड्याळे विकायला माणसे पाठीवर लाकडी घोडी बांधून पायी निघत. फ्रान्स, इंग्लंड, रशिया, तुर्कस्तान, पुढे अमेरिका, इतक्या दूरवर हा माल गेला. गिऱ्हाइकाप्रमाणे फळी बदले. तुर्की बाजारासाठी तर आकडेही तिकडच्या लिपीत रंगवत. हौसेची घड्याळेही निघाली. काहींत चित्रातल्या माणसाचे डोळे लंबकाबरोबर डावी-उजवीकडे फिरत, काहींत टोल पडताना एक खादाड बाहुला जेवणाच्या काट्याने एकेक गोळा तोंडात टाकी.

हौसेच्या घड्याळांत सर्वांत गाजले ते कोकिळेचे. त्याचा शोध शोनवाल्डच्या फ्रान्स आंटोन केटररने १७३० च्या सुमारास लावला, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. त्याला भक्कम पुरावा नाही. यांत्रिक कोकिळेचे घड्याळ सॅक्सनीच्या राजघराण्याकडे असल्याची नोंद १६२९ ची आहे, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टमध्ये हा धंदा सुरू होण्याच्याही आधीची. इथल्या कारागिरांनी ती कल्पना लाकडात स्वस्त आणि टिकाऊ करून दाखवली, हे श्रेय त्यांचे निर्विवाद आहे.

कोकिळेच्या घड्याळाची रचना साधी आहे. त्यात दोन वजने असतात, एक वेळ चालवणारे आणि दुसरे आवाज करणारे. तास भरला की दुसऱ्या चाकमालेची अडकण सुटते. तिच्या तारा दोन छोट्या भात्यांची झाकणे आळीपाळीने उचलतात आणि सोडतात. झाकण खाली पडताना हवा लाकडी शिट्टीत शिरते. आधी उंच स्वर, मग खालचा: ‘कु-कू’. त्याच तारांच्या ओढीने दार उघडते, पक्षी पुढे येतो, मान लववतो, आणि मागे तारेच्या वेटोळ्यावर हातोडीचा टोल पडतो. गाणे वाजवणारे घड्याळ असेल तर त्याला तिसरे वजन लागते. रोज साखळी ओढावी लागणाऱ्या लहान घड्याळाचे वजन साधारण ३०० ग्रॅम असते. आठवड्याला एकदा ओढायच्या घड्याळाला ते पाचपट तरी जड लागते, कारण तेवढ्याच उतारात सात-आठ दिवसांची ताकद साठवायची असते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कारखानदारीची झळ लागली आणि धंदा मंदावला. १८५० मध्ये बाडेनच्या सरकारने फुर्टवांगनला घड्याळजींसाठी शाळा काढली. तिचे पहिले प्रमुख रॉबर्ट गेरविग हे अभियंते होते. घड्याळांना नवे रूप मिळावे म्हणून त्यांनी त्याच वर्षी कलावंतांकडून नमुने मागवले. रेल्वेच्या इमारतींचे आराखडे करणारे वास्तुकार फ्रीडरिश आयझेनलोर यांनी रेल्वेच्या पहारेकऱ्याच्या उतरत्या छपराच्या घरावरून घड्याळाची पेटी रेखाटली आणि तिच्याभोवती द्राक्षाची वेल चढवली. आज जगभर ‘कुकू क्लॉक’ म्हणून ओळखले जाते ते हेच घर. आयझेनबाखच्या योहान बाप्टिस्ट बेहा याने केलेल्या सुरुवातीच्या अशा घड्याळांत पेटीच्या दर्शनी भागावर तेलरंगातली चित्रे होती. १८६० नंतर कोरीवकामाने रंगाला मागे सारले. हाडाचे काटे आले, देवदाराच्या बोंडासारखी ओतीव वजने आली, आणि हरणाचे डोके, बंदुका, पाने, सारे कोरीवकाम तपकिरी. पर्यटकांनी हेच रूप उचलून धरले आणि ब्लॅक फॉरेस्टचे घड्याळ मुळात रंगीत होते, ही गोष्ट मागे पडली. गेरविग यांनी १८५२ पासून जमवायला घेतलेल्या जुन्या घड्याळांतून फुर्टवांगनचे जर्मन घड्याळ संग्रहालय उभे राहिले. त्यातल्या रंगीत फळ्या हा त्या मूळ रंगीतपणाचा उघड पुरावा आहे.

१८६१ मध्ये श्रामबर्ग येथे सुरू झालेल्या युंगहान्स कंपनीने अमेरिकी पद्धतीने, पत्र्यातून ठशाने कापलेल्या भागांची घड्याळे काढली. विसाव्या शतकाच्या आरंभी तो जगातला सर्वांत मोठा घड्याळ कारखाना झाला. ही घड्याळे भारतातही आली. महाराष्ट्रातल्या कित्येक जुन्या घरांत ओसरीवर किंवा माजघरात काचेच्या दाराचे, चावीचे, टोल देणारे लंबकाचे घड्याळ असते. त्याच्या यंत्रावर किंवा तबकडीवर आठ टोकांच्या ताऱ्यात ‘जे’ हे रोमन अक्षर असेल तर ते युंगहान्सचे, म्हणजे याच डोंगरातले.

आजही या गावांत मोजक्या माणसांच्या कार्यशाळा टिकून आहेत. यंत्र विशेष कारखान्याकडून घेतात, कोरीवकाम लिंडनच्या लाकडात होते, पेटी, रंग, भाते आणि जोडणी कार्यशाळेत. शोनाखची ‘रोमबाख उंड हास’ ही १८९४ पासूनची कौटुंबिक कार्यशाळा पारंपरिक फळ्या तर रंगवतेच, शिवाय तेच छपराचे घर लाल, निळ्या, हिरव्या झगझगीत रंगांत आणि साध्या सरळ रेषांत करते. काहींना ही परंपरेची मोडतोड वाटते. खरे तर रंगीत दर्शनी भाग हाच इथला जुना रिवाज होता, तेव्हा ही नवी घड्याळे तपकिरी हरणांपेक्षा परंपरेला जवळची आहेत. इथल्या घड्याळांचा अस्सलपणा तपासणाऱ्या ‘व्हीडीएस’ संस्थेचा दाखला मिळायचा तर घड्याळ पूर्णपणे यांत्रिक आणि ब्लॅक फॉरेस्टमध्ये बनलेले असावे लागते. बॅटरीवर चालणारे आणि ध्वनिमुद्रित कोकिळेचे घड्याळ त्यात बसत नाही.

दुरुस्तीत यंत्राच्या तक्रारी ठरावीक असतात. वर्षानुवर्षे फिरून आसाची टोके ज्या भोकांत बसतात ती भोके लांबट होतात. चाकांचे दाते एकमेकांत नीट बसेनासे होतात आणि घड्याळ थांबते. भोकाशेजारी ठोकून धातू आत ढकलण्याचा उपाय झटपट होतो, पण तो टिकत नाही आणि भोक असलेली धातूची पट्टी कायमची विद्रूप करतो. योग्य मार्ग म्हणजे भोक गोल कोरून त्यात नवे पितळी बुश बसवणे. जुन्या लाकडी चौकटीतही बुशच बदलतात. काही चाकांच्या जोडीला दोन चकत्यांमध्ये तारांचे गज बसवलेला पिंजरा असतो; त्याच्या झिजलेल्या तारा काढून नव्या पोलादी तारा घालता येतात. कोकिळा ‘कु’ म्हणून गप्प होत असेल तर एका भात्याचे आच्छादन फाटलेले असते. ते नव्या पातळ कातड्याने किंवा कागदाने मढवतात. साखळी बदलताना कड्यांचे माप दात्याच्या चाकाशी जुळले पाहिजे, नाहीतर ती निसटते आणि वजन जमिनीवर आदळते.

यंत्राचा जवळजवळ प्रत्येक भाग असा नव्याने करता येतो. रंगाचे तसे नाही. दीडशे वर्षांपूर्वीचा गुलाब एकदा खरवडला गेला की तो गेला. म्हणून चांगल्या कार्यशाळेत फळी यंत्रापासून वेगळी करून ठेवतात आणि तिच्यावर सर्वांत कमी काम करतात. सुटू लागलेले पापुद्रे सौम्य चिकटद्रव्याने बसवायचे, धूळ मऊ कोरड्या कुंचल्याने काढायची, रंग जिथे पूर्ण गेला आहे तेवढ्याच जागी पुन्हा काढून टाकता येईल असा रंग भरायचा. पिवळे पडलेले रोगण काढायचे की ठेवायचे, हा निर्णय सर्वांत कठीण, कारण रोगणाबरोबर खालची पातळ छटाही निघून येऊ शकते. शंका असेल तिथे पिवळेपणा राहू द्यावा, हेच बरे.

घरात जुने लंबकाचे घड्याळ असेल, मग ते ब्लॅक फॉरेस्टचे असो वा नसो, त्याची काळजी फारशी अवघड नाही. घड्याळ सरळ टांगावे आणि लंबकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारख्या अंतराने येतो का ते ऐकावे. लंगडा आवाज येत असेल तर पेटी तिरकी आहे. मागे पडत असेल तर लंबकाचा गोळा किंचित वर सरकवावा, पुढे धावत असेल तर खाली. कोकिळेचे घड्याळ हलवताना आधी वजने काढावीत, साखळ्या तारेने बांधाव्यात आणि पक्ष्याचे दार अडकवावे. खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल यंत्रात कधीही ओतू नये. दात्यांना तेल लागतच नाही, आणि जास्तीच्या तेलात धूळ मिसळून पितळ कानशीसारखे घासले जाते. रंगवलेल्या तबकडीवरून ओले फडके फिरवू नये. दिवाळीच्या साफसफाईत घड्याळ ‘नव्यासारखे’ दिसावे म्हणून तिच्यावर ऑइलपेंट तर अजिबात चढवू नये. घड्याळजीकडे देताना त्याला स्पष्ट सांगावे: यंत्र उघडा, बुश बदला, साखळी बदला, रंगाला हात लावू नका.