गुरांच्या पोटातील जंतांची मोजदाद

वाराणसीच्या परिसरात गंगेच्या व वरुणेच्या काठी जे गोधन चरते, त्यात गंगातीरी नावाची देशी जात प्रसिद्ध आहे. पावसाळ्यातील पुराचे पाणी ओसरले की सखल जागी डबकी राहतात, त्यांच्या कडेस कोवळे गवत उगवते, आणि गुरे तिकडेच धाव घेतात. अशा ठिकाणी शंभरांपैकी किती गुरांच्या पोटात जंत आहेत, हे कसे ठरवावे? शेण तपासून ज्यांत जंतांची अंडी सापडतील ती गुरे मोजावीत, हे उत्तर सरळ दिसते. परंतु ते फसवे आहे.

शेण मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवले असता गोलकृमींची हलकी अंडी वर तरंगतात. चपट्या पर्णकृमींची अंडी मात्र जड असल्याने तळाशी बसतात. त्यांकरिता शेण साध्या पाण्यात कालवून, गाळून, खाली बसलेला साका सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. एकच रीत वापरणाऱ्याचा आकडा अपुराच राहणार.

याहून मोठा धोका निराळाच आहे. पर्णकृमींचा एक गट गुरांच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यात, राहतो. त्यांची अंडी शेणावाटे डबक्यात पडून फुटतात. बाहेर आलेला सूक्ष्म जीव चकतीसारखा शंख असलेल्या गोगलगाईत शिरतो, तेथे एकाचे अनेक होतात, आणि पुढे ते गवतास चिकटून स्वतःभोवती कवच करतात. गवताबरोबर पोटात गेलेले हे कृमी प्रथम लहान आतड्याच्या आरंभी रुतून बसतात व काही आठवड्यांनी उलट दिशेने कोठीपोटाकडे जातात. आतड्यातील या मुक्कामातच वासरास दुर्गंधीयुक्त हगवण लागते, जबड्याखाली सूज येते आणि पुष्कळदा ते दगावते. पण कृमी अजून वयात आलेले नसल्याने शेणात अंडे एकही नसावयाचे! उलट, कोठीपोटात प्रौढ कृमी बाळगणारी गाय धडधाकट दिसते, आणि डबके दूषित करणारी अंडी तिच्याच शेणातून पडतात. मोजणाऱ्याच्या वहीत गाय रोगी ठरते व मरणोन्मुख वासरू निरोगी.

यास्तव अनुभवी पशुवैद्य हगवणीचे शेण चाळणीत धुऊन त्यात कोवळे कृमी दिसतात का ते पाहतात, व मेलेल्या वासराचे आतडे उघडून तपासतात. औषधाची निवडही यावरच अवलंबून असते. ज्या संशोधनाबद्दल विल्यम कॅम्बेल व सातोशी ओमुरा यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यातून निघालेले आयव्हरमेक्टिन गोलकृमींवर गुणकारी असले, तरी पर्णकृमींवर ते चालत नाही. तेथे ऑक्सिक्लोझानाइडसारखे वेगळे औषध द्यावे लागते.