तुकड्याचा रिपोर्ट आला, आता स्कॅन कोणता?

स्तनातल्या गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट आला आणि त्यात कर्करोग निघाला, की घरात पहिला प्रश्न येतो, "अंगात पसरलाय का?" सोलापुरात त्याच्या पाठोपाठ कुणीतरी म्हणतंच, "पुण्याला नेऊन डोक्यापासून पायापर्यंत स्कॅन काढू." हे मायेपोटीच बोललं जातं. पण स्कॅन लागेल की नाही, हे आजार कोणत्या टप्प्यावर आहे त्यावर ठरतं.

टप्प्याचा पहिला अंदाज हाताने तपासून, मॅमोग्राफीवरून आणि काखेच्या सोनोग्राफीवरून येतो. गाठ २ सेंटिमीटरपर्यंतच आहे, काख मोकळी आहे, हाडं दुखत नाहीत, धाप लागत नाही, रक्ताचे रिपोर्ट बरे आहेत, अशा बाईच्या अंगात दूरवर पसरलेला आजार सापडणं फार विरळ. म्हणून अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच सांगितलं, की सुरुवातीच्या, कमी जोखमीच्या आजारात पेट, सीटी आणि बोन स्कॅन करू नयेत. गाठ कातडीपर्यंत आली असेल किंवा काखेतल्या गाठी एकमेकींना चिकटल्या असतील, तर मात्र उपचारांआधी स्कॅन हवाच. आजार पसरलेला निघाला तर सहसा ऑपरेशन मागे पडतं आणि औषधं पुढे येतात. मधल्या टप्प्यात त्रास आणि गाठीचा स्वभाव पाहून डॉक्टर ठरवतात.

टप्प्याचं महत्त्व आपल्या जिल्ह्याला नवं नाही. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांत तिचे कर्मचारी फिरत. रुग्णांची नोंद घेता घेता, गाठ दिसली तर अंगावर काढू नका, हेही सांगत.

स्तनाचा कर्करोग पसरतो तेव्हा बहुतेक वेळा हाडं, फुप्फुसं किंवा यकृत गाठतो. हाडांसाठी बोन स्कॅन असतो. हाताच्या शिरेतून टेक्नेशियम नावाचं किरणोत्सर्गी द्रव्य अगदी थोडं देतात. पुढचे दोन-तीन तास भरपूर पाणी प्यायचं, लघवीला जाऊन यायचं, मग कॅमेऱ्याखाली निजायचं. या कॅमेऱ्याला कर्करोग दिसत नाही, हे नीट लक्षात घ्या. हाड जिथे स्वतःची डागडुजी करत असतं तिथे हे द्रव्य जास्त साठतं, आणि तेवढंच चित्रात उमटतं. कुंभारीच्या गोदुताई वसाहतीतली, वर्षानुवर्षं वाकून विड्या वळलेली एखादी बाई घ्या. तिच्या झिजलेल्या मणक्यावरही ठिपका उमटू शकतो. म्हणून एका ठिपक्यावरून हाय खायची नाही. त्या जागेचा एक्स-रे, सीटी किंवा एमआरआय काढून खात्री करतात.

छाती-पोटाच्या सीटीत शिरेतून रंगद्रव्य देतात. क्षणभर अंगातून गरम लाट गेल्यासारखं वाटतं, ते स्वाभाविक आहे. हे द्रव्य मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून आधी क्रिएटिनिन तपासतात. पूर्वी टीबी झाला असेल तर तेव्हाचा एक्स-रे शोधून सोबत न्या. फुप्फुसावरचा डाग दहा वर्षांपूर्वीही तसाच होता, हे त्या फिल्मवरून कळलं तर एक सुई वाचू शकते.

पेट-सीटी साखरेवर चालतो. किरणोत्सर्ग जोडलेली साखर शिरेतून देतात. भुकेल्या पेशी ती जास्त ओढतात. म्हणून चार ते सहा तास उपाशी राहायचं, सकाळचा गोड चहासुद्धा नाही. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिनचं काय करायचं, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहायचं, कारण राबणारे स्नायूही साखर खातात. टीबीची किंवा सुजेची जागाही ती खाते, त्यामुळे इथेही प्रत्येक ठिपका कर्करोगाचा नसतो. या द्रव्याचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. ते पुण्याहून आणायचं झालं, तर सोलापूरपर्यंतच्या अडीचशे किलोमीटरच्या रस्त्यात हा जोर पाव हिश्श्याच्याही खाली येईल. तेव्हा दिलेली वेळ चुकवू नका.

गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल, तर इंजेक्शनच्या आधीच सांगा. घरी आल्यावरही त्या दिवशी पाणी जास्त प्या, आणि नातवंडाला मांडीवर घेणं दुसऱ्या दिवसावर ठेवा.