बाजार पडेल असे वाटते तेव्हा काय करावे?

कोजागरीचे दूध असो की गणपतीची तयारी, आपल्या बडोद्यात चार मंडळी जमली की शेअरचा विषय निघतोच. हल्ली एक प्रश्न आमच्या कानावर वारंवार येतो: “बाजार पडणार म्हणतात. इतकी वर्षे जपलेले शेअर विकून टाकावेत का?”

बाजार कधी पडेल हे कोणालाच नेमके सांगता येत नाही. शिवाय सगळे विकणाऱ्याला दोनदा अचूक ठरावे लागते, विकताना आणि परत घेताना. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांवर गेला होता. २३ मार्चला तो २६ हजारांच्या खाली बंद झाला आणि नोव्हेंबरात जुना उच्चांक ओलांडून गेला. घाबरून विकलेल्यांना परत शिरायला वेळच मिळाला नाही.

पण दर वेळी सावरणे इतके लवकर होत नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांपर्यंत गेला होता. मार्च २००९ मध्ये तो ८ हजारांच्या आसपास आला आणि पुन्हा २१ हजार दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडले. म्हणून पुढच्या चार-पाच वर्षांत लागणारा पैसा, म्हणजे मुलीचे लग्न, मुलाची फी, निवृत्तांचा घरखर्च, शेअरमध्ये ठेवू नये. तो आजच मुदत ठेवीत किंवा पोस्टाच्या योजनेत हलवावा. एवढे केले की निम्मी भीती जाते.

उरलेल्या पैशाचे प्रमाण ठरवून कागदावर लिहावे. समजा, १० लाखांपैकी ६ लाख शेअरमध्ये आणि ४ लाख ठेवीत आहेत. शेअर ३० टक्के पडले तर ६ लाखांचे ४.२० लाख होतील, पण एकूण घट १८ टक्केच राहील. मग ठेवीतले ७२ हजार शेअरमध्ये घातले की ६०:४० प्रमाण पुन्हा जमते. तेजीत शेअरचा वाटा ७० टक्क्यांवर गेला, तर जास्तीचे विकावेत. यात भाकीत करावे लागत नाही.

विकायचेच असेल तर आधी कर्जात बुडालेल्या, सतत तोट्यातल्या कंपन्यांचे शेअर काढावेत. करही पाहावा. वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या नोंदणीकृत शेअरवरचा वार्षिक सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे. त्यापुढे १२.५ टक्के कर व उपकर लागतो (जुलै २०२४ पासूनचा नियम). थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये विकले तर ही सवलत दोन आर्थिक वर्षांत दोनदा मिळते.

आणि कर्ज काढून किंवा दागिने गहाण ठेवून ‘स्वस्तात’ खरेदी करण्याच्या मोहात पडू नये. पडत्या बाजारात थांबता येणे हीच आपली खरी ताकद, आणि कर्जाचा हप्ता नेमके तेच करू देत नाही.

प्रत्येक घराची गरज वेगळी असते. मोठा निर्णय घेण्यापूर्वी सेबी-नोंदणीकृत सल्लागाराला जरूर विचारावे, आणि घरात नवरा-बायकोने एकत्र बसून हा हिशेब एकदा मांडावा.